सत्तर हजारांचा गेमिंग पीसी, त्यातले निम्मे ग्राफिक कार्डात: पटतंय का?

वारणाकाठ
भाचा बारावी झाला. सीईटीचा निकाल लागेपर्यंत घरात दुसरा विषय नाही, गेमिंग पीसी हवा. मेहुण्यांनी सत्तर हजार कबूल केले आणि "तू कॉम्प्युटरवाला, तूच बघ" म्हणत माळ माझ्या गळ्यात घातली.

आधी तो स्वतःच दुकानात जाऊन कोटेशन घेऊन आला. आय-७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबीचं ग्राफिक कार्ड (गेमचं चित्र काढणारं), इंद्रधनुष्यासारखं पेटणारं कॅबिनेट. पोरगं खूश, कारण "मामा, आय-७ आहे!" मी कोटेशनवरचा पूर्ण नंबर वाचला: आय-७ ४७७०. हा प्रोसेसर २०१३ सालचा. त्याचे चार कोअर आणि आजच्या साध्या आय-३ १२१००एफचे चार कोअर यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि सरस आय-३ आहे. वर विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानदाराने कुठल्यातरी ऑफिसचा निवृत्त डबा पॉलिश करून पोराला दाखवला होता.

मग मी माझी यादी केली. रायझेन ५ ५६०० (एएमडीचा प्रोसेसर), ए५२० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), साधं जाळीचं कॅबिनेट, बऱ्या कंपनीचा ५५० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि आरटीएक्स ५०६० ग्राफिक कार्ड, ८ जीबी. एकट्या कार्डाचेच एकतीस हजार. मॉनिटर घरातला जुना चालवायचा.

माझं म्हणणं सरळ आहे. गेमिंग पीसी म्हणजे ग्राफिक कार्ड, बाकी सगळं त्याच्या सेवेला. निम्मे पैसे तिथे जायलाच हवेत. कुणाचं काही वेगळं म्हणणं असेल तर मांडा, पण दिवे आणि काचेची बाजू घेऊ नका.

खटपट्या
आय-७ चं पोस्टमॉर्टेम आवडलं. यादीशी मात्र असहमत.

एएम४ हे सॉकेट (५६०० बोर्डावर ज्या खाचेत बसतो ती) आता थांबलंय. आज ५६०० घेतलात की तीन वर्षांनी प्रोसेसर बदलायचा तर बोर्ड बदला, रॅम बदला, म्हणजे अर्धा पीसी नवा. एएम५ या नव्या सॉकेटवर ७५००एफ प्रोसेसर घ्या, डीडीआर५ रॅम घ्या, आणि कार्ड सध्या हलकं बसवा. एएमडीने एएम५ ला २०२७ आणि त्यापुढेही सपोर्ट देऊ म्हटलंय. कार्ड बदलणं हे दोन स्क्रूचं काम आहे. पाया बदलायचा म्हणजे घर पाडायचं.

आणि हे नुसतं आश्वासन समजू नका. २०१७ च्या एएम४ बोर्डांपैकी कितीतरी बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर २०२२ चे प्रोसेसर चालवतात. ज्यांनी तेव्हा पाया नीट घातला ते अजून खातायत.

वारणाकाठ
"कार्ड सध्या हलकं, नंतर मोठं" यातला 'नंतर' मी दोनदा पाहिलाय. एकदा त्या पैशांत गाडीचा इन्शुरन्स भरला, दुसऱ्यांदा लग्नाचा आहेर झाला. कॉलेज सुरू झाल्यावर याला पुन्हा तीस हजार कोण देणार?

शिवाय रॅमचे भाव बघा. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी चिप ओढायला सुरुवात केली तेव्हापासून मेमरी भडकलीय. मायक्रॉन या मेमरी बनवणाऱ्या कंपनीने तर क्रुशल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळायचं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. अशा वेळी डीडीआर५ घ्यायला सांगणं म्हणजे टंचाईत टँकर विकत घ्यायला सांगणं.

खटपट्या
डीडीआर४ तरी कुठे स्वस्त राहिलीय? ती पण त्याच चिपवाल्यांकडून येते. आणि त्या ए५२० वर ५०६० कसं चालणार हे पाहिलंत का? कार्ड पीसीआयईच्या (बोर्डाशी बोलायचा रस्ता) फक्त आठ लेन वापरतं. ए५२० वर त्या मिळतात जेन ३ च्या, म्हणजे जुन्या, सावकाश पिढीच्या. एरवी फरक थोडाच पडतो, पण ८ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) भरली आणि कार्ड मुख्य रॅमकडे धावलं की रस्ता अरुंद पडतो. निदान बी५५० बोर्ड तरी घ्या, तिथे रस्ता रुंद आहे. एकतीस हजारांचं कार्ड घेऊन त्याला बोळातून चालवायचं, हा कसला हिशोब?

वारणाकाठ
हा मुद्दा मान्य. बी५५० बघतो. निम्म्याचं तत्त्व मात्र सोडत नाही.

ठेचा_भाकर
राजेहो, तुमचं दोघांचं भांडण पाया आणि कळसाचं चाललंय, वीज कुठून येते ते कोणी विचारलंच नाही.

मी अकोल्याचा. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस, खोलीत कूलर, आणि दिवसातून दोन-तीनदा व्होल्टेजचा झोका. माझ्या पहिल्या पीसीत कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस होता, वर '५०० वॉट' छापलेलं. आठव्या महिन्यात फट्ट झालं. एकटा गेला नाही, बोर्डाला घेऊन गेला. दुकानदार म्हणे, कॅबिनेटला वॉरंटी असते, आतल्या डब्याला नाही.

यादीत "बऱ्या कंपनीचा एसएमपीएस" एवढ्या एका ओळीत विषय संपवला, ते बरोबर नाही. '८० प्लस ब्राँझ' हा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो. आतला माल कसा आहे, शॉर्ट झाल्यावर डबा स्वतः बंद होतो की नाही, हे त्यावरून कळत नाही. नेमकं मॉडेल लिहा, मग बोलू. आणि यूपीएस घेणार असाल तर एक ध्यानात ठेवा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. स्वस्तातल्या यूपीएसची वेव्ह खरी साइन नसते, पायऱ्या-पायऱ्यांची असते. 'अॅक्टिव्ह पीएफसी' नावाचं सर्किट असलेले काही एसएमपीएस त्यावर गेले की लाइट जाताक्षणी पीसी बंद. यूपीएस असून नसल्यासारखा. घ्यायच्या आधी दुकानातच प्लग ओढून बघा, गेम चालू असताना.

आणि घरी अर्थिंग आहे का? कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमन बोलवा.

जुना_गडी
एवढं नवंकोरं घ्यायचंच कशाला म्हणतो मी. आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं, सेकंडहँड घ्या. एकतीसच्या जवळपास निम्म्यात मिळतं. व्हीरॅम चार जीबी जास्त, पैसे वाचले, भांडण मिटलं. मी गेली सहा वर्षं जुनीच कार्डं वापरतोय.

पक्कं_बिल
आणि ते मायनिंगमधून (कार्डांवर चोवीस तास क्रिप्टो नाणी काढण्यातून) आलेलं निघालं तर? सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि पोतीच्या पोती कार्डं बाजारात आली. त्यातली अजून फिरतायत. वर्षभर चोवीस तास तापलेलं कार्ड मी भाच्याला देणार नाही. त्यात १८ टक्के जीएसटी वाचवायच्या नादात कच्च्या चिठ्ठीवर घेतलंत तर वॉरंटीला राम राम.

जुना_गडी
मायनिंगचं भूत उगाच मोठं केलंय. चिप सहसा जात नाही. पंखे घासतात, थर्मल पॅड सुकतात, मेमरी तापते. तीनही गोष्टी तपासता येतात. विकणाऱ्याच्या घरी जा, अर्धा तास जड गेम किंवा स्ट्रेस टेस्ट लावा, तापमान बघा, पंख्याचा आवाज ऐका. पडद्यावर ठिपके-पट्टे दिसले तर चहा पिऊन परत या. कुरियरने मागवायचं नाही, एवढा एकच नियम.

घाबरायचंच असेल तर नव्या खोक्यातल्या फसवणुकीला घाबरा. 'आरएक्स ५८०' म्हणून स्वस्तात नवं कार्ड विकतात, खाली बारीक अक्षरांत '२०४८ एसपी' (आतल्या छोट्या प्रोसेसरांची संख्या). अस्सल ५८० मध्ये २३०४ असतात. म्हणजे ५७० ला ५८० चा सदरा घातलाय. पक्कं बिल मिळतं हो त्याचं!

पक्कं_बिल
टोमणा पोचला. पण तुम्ही सहा वर्षं कार्डं उघडून पॅड बदलताय. अठरा वर्षांचा पोरगा ते करणार आहे का? कार्ड गेलं की फोन मामाला. त्यातून ५६०० ला स्वतःचं डिस्प्ले आउटपुट नाही, म्हणजे कार्ड रिपेअरला गेलं की पीसी म्हणजे पेटी. जुनं कार्डच घ्यायचं तर निदान डिस्प्ले असलेला ५६००जी तरी घ्या.

खटपट्या
५६००जी नको! एल३ कॅश (प्रोसेसरच्या हाताशी असलेली मेमरी) निम्मी, ३२ ऐवजी १६ एमबी, आणि पीसीआयई जेन ३ च. कार्ड आहे तिथे जी घेणं म्हणजे छत्री असताना रेनकोटसाठी चपला विकणं. ७५००एफ नको असेल तर एएम५ चाच ७६०० घ्या, त्यात डिस्प्ले आहे. (हो, मी परत एएम५ वर आलो.)

सोलापूरची_मावशी
मी एरवी रोमात असते, नुसती वाचते. दादा, माझा मुलगा दुसऱ्या वर्षाला आहे, पुण्यात. त्याच्यासाठीही असाच डबा जुळवला होता. तो आता सोलापुरात धूळ खातोय, कारण होस्टेलच्या टेबलावर मावत नाही आणि जास्तीची वीज वापरायला रेक्टर परवानगी देत नाहीत. शेवटी लॅपटॉप घ्यावाच लागला. भाचा कुठल्या गावाला जाणार हे ठरायच्या आधी खरेदी कशाला?

वारणाकाठ
ताई, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून काल बहिणीला फोन केला. त्याने पहिली पसंती घरापासून बसने अर्ध्या तासावरच्या कॉलेजला दिलीय. तिथे मिळालं तर पीसी, बाहेर गेला तर लॅपटॉप, असं मेहुणे म्हणाले. म्हणजे खरेदी निकालानंतरच. तोवर भांडायला मोकळे आहोत.

फक्त_दोन_गोळ्या
सगळा धागा वाचला. एकानेही विचारलं नाही की मुलगा खेळतो काय.

वारणाकाठ
...खरंय. विचारतो.

वारणाकाठ
विचारलं. नव्वद टक्के वेळ व्हॅलोरंट, तो ऑनलाइन गोळीबाराचा गेम. मधूनमधून फुटबॉल. "आणि मामा, जीटीए ६." तो गेम तर आधी कन्सोलवर येतोय म्हटल्यावर भाचा तोंड पाडून बसला.

फक्त_दोन_गोळ्या
मग एकतीस हजार पाण्यात. व्हॅलोरंट ग्राफिक कार्डाला फार राबवत नाही, ताण येतो प्रोसेसरवर. जुन्या मॉनिटरचे हर्ट्झ (सेकंदाला किती चित्रं दाखवतो) किती? साठ असतील. कार्ड सेकंदाला तीनशे चित्रं (एफपीएस) काढेल, डोळ्याला दिसणार साठ. आरएक्स ६६०० घ्या, २०२१ चं असलं तरी १०८० रिझोल्यूशनला पुरतं आणि वीज १३२ वॉट. वाचलेल्या पैशांत १४४ हर्ट्झच्या पुढचा मॉनिटर. रॅम आठ-आठच्या दोन कांड्यांत घ्या, एकच सोळाची नको, रायझेनला दोन चॅनल लागतात. आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करायला विसरू नका, नाहीतर विकत घेतलेला वेग झोपून राहतो. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन गोष्टी चालू लागतात, तेही तिथेच बघून घ्या.

ठेचा_भाकर
+१. पण ६६०० घेतलं म्हणून एसएमपीएस लहान करू नका.

खटपट्या
म्हणजे प्रोसेसरवर ताण येतो हे सगळ्यांनाच मान्य. मी पहिल्या प्रतिसादात काय म्हणत होतो?

वारणाकाठ
तुम्ही सॉकेटबद्दल म्हणत होता, व्हॅलोरंटबद्दल नाही. श्रेय गोळ्यावाल्यांचं.

पण निम्म्याचा हट्ट सोडला, हे कबूल. नवी यादी: ५६००, बी५५०, आठ-आठच्या दोन कांड्या, आरएक्स ६६०० नवं आणि पक्क्या बिलावर (जुना गडी, माफी असावी, मी गावात नसतो), १०८० चा वेगवान मॉनिटर. कार्डाचे साधारण नऊ हजार सुटले ते जवळजवळ सगळे मॉनिटरने खाल्ले. एसएमपीएसची दोन मॉडेलं ठेचा_भाकर यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, पास करतील तेच घेऊ. एएम५ नाही. खटपट्या, तीन वर्षांनी हा धागा वर काढून मला शिव्या घालायची मुभा तुम्हाला.

खटपट्या
बुकमार्क केला. हेमाशेपो (हे माझे शेवटचे पोस्ट).

जुना_गडी
माफी नाही. दोन गावं ओलांडून मी कार्ड तपासून दिलं असतं.

ठेचा_भाकर
अर्थिंगचं काय झालं?

वारणाकाठ
बहिणीने टीव्हीचा पॉइंट तपासून घेतला. अर्थिंगची वायरच नाही, तिसरं भोक नुसतं शोभेला. वायरमन रविवारी येतोय, त्याचे पैसे सत्तरमध्ये धरायचे की वेगळे यावरून तिचं आणि मेहुण्यांचं चाललंय.