मदत हवी आहे: सूर्यावरचे डाग दिसतात, दाणे (पृष्ठभागाची बारीक दाणेदार रचना) दिसत नाहीत. हर्शेल वेज (बहुतेक प्रकाश बाजूला टाकणारं काचेचं साधन) घेऊ, फिल्म बदलू की हिरवा फिल्टर?

निरभ्र१००: १०० मिमी एफ/९ अक्रोमॅट (साधा रिफ्रॅक्टर, म्हणजे भिंगांची दुर्बीण) आहे, तोंडावर ओडी ५ ची (प्रकाश एक लाख पट घटवणारी) सोलर फिल्म. शिवाय १५० मिमी एफ/५ न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) आहे. मोनो (कृष्णधवल) कॅमेरा, २.४ मायक्रॉनचे पिक्सेल, सेन्सर ७.४ × ५ मिमी, पुढे कुठलाच फिल्टर नाही. डाग आणि उपच्छाया (डागाभोवतीचा फिकट भाग) येतात, पण बाकी पृष्ठभाग गुळगुळीत. हर्शेल वेज घ्यावा का? फिल्मला सुरकुत्या आहेत, ताणून बसवू?

कडाफोकस: ताणू नका. सैल, सुरकुतलेली फिल्म चालते. ताणली की प्रतिमा बिघडते. दर वेळी दिव्यासमोर धरून छिद्रं, ओरखडे बघा. फाटकी दिसली तर फेकायची, चिकटपट्टीची डागडुजी नको. वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेनं टेप लावा, आणि फाइंडरलाही (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीलाही) झाकण.

दाणे न दिसण्याचं खापर मात्र फिल्मवर फोडू नका. अक्रोमॅट निळा, लाल आणि अवरक्त प्रकाश हिरव्याच्या फोकसवर आणत नाही, आणि तुमचा मोनो सेन्सर ते सगळं एकत्र टिपतोय. दाणे जेमतेम एक-दीड आर्कसेकंदाचे, ते त्या धूसरपणात बुडतात. ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा, १० नॅनोमीटर पट्ट्याचा कंटिन्युअम फिल्टर कॅमेऱ्यापुढे लावा, सोबत यूव्ही-आयआर कट (अतिनील आणि अवरक्त अडवणारा फिल्टर). तुमच्या दुर्बिणीत सर्वांत मोठा फरक यानंच पडेल.

अडचण अशी की त्यानं प्रकाश वीस-तीस पट घटतो. ओडी ५ मागे एक्स्पोजर लांबतं आणि हवेची थरथर फ्रेममध्ये फासली जाते. म्हणून छायाचित्रणासाठी ओडी ३.८ ची फिल्म घ्या: १६ पट जास्त प्रकाश. एक्स्पोजर २-३ मिलिसेकंदांच्या आत ठेवा.

निरभ्र१००: मग ओडी ३.८ मागे हिरवा फिल्टर असताना नेत्रिकेतून बघितलं तर चालेल ना?

कडाफोकस: नाही. हिरवा फिल्टर सुरक्षा-फिल्टर नाही. तो लावायचा राहिला किंवा सैल होऊन निसटला तर डोळ्याला वाचवायला फक्त ओडी ३.८ उरते. त्या फिल्मच्या कडीवर 'फक्त कॅमेरा' असं ठळक लिहून ठेवा. डोळ्यासाठी ओडी ५ राहू द्या. नेत्रिकेत आटे लावून बसणारे जुने 'सन' फिल्टर असतील तर ते वापरूच नका, उष्णतेनं तडकतात.

त्रिकोणकाच: वेजची बाजू मांडतो. डोळ्यानं बघायला फिल्मपेक्षा वेज सरस, कॉन्ट्रास्ट स्पष्टपणे चांगला. काचेवरून साधारण ५ टक्के प्रकाश परावर्तित होतो, मागे एनडी ३.० (प्रकाश हजार पट घटवणारा करडा फिल्टर) लागतोच, म्हणजे एकूण ओडी ४.३ च्या आसपास. वर पोलरायझर फिरवून तेज हवं तसं कमी करता येतं, कारण वेजमधून येणारा प्रकाश आधीच बराच ध्रुवित असतो. पण वेज वापरताना पुढची फिल्म काढून टाकायची असते, त्यामुळे पूर्ण उष्णता नळीत शिरते. म्हणून तो रिफ्रॅक्टरलाच. न्यूटोनियनमध्ये कधीही नाही: एकवटलेला झोत दुय्यम आरशावर पडतो. मागच्या बाजूला जास्तीची भिंगं असलेल्या रिफ्रॅक्टरबाबतही आधी उत्पादकाची सूचना वाचा.

तुम्हाला मुख्यतः चित्रं हवीत, म्हणून क्रमानं आधी हिरवा फिल्टर, लगोलग ३.८ ची फिल्म, वेज नंतर.

निरभ्र१००: बार्लो (प्रतिमा मोठी करणारं भिंग) लावू का?

कडाफोकस: अक्रोमॅटला नको. ५४० नॅनोमीटरला २.४ मायक्रॉनसाठी एफ/९ जवळजवळ नेमकं बसतं. पिक्सेलमागे ०.५५ आर्कसेकंद पडतं आणि १०० मिमीची क्षमता १.१ च्या आसपास. ९०० मिमी नाभीय अंतराला (१०० × ९) बिंब सुमारे ८.४ मिमी येतं, तेव्हा पूर्ण सूर्य एका फ्रेममध्ये मावणार नाही, मोझेक करावं (तुकडे जोडावे) लागेल. न्यूटोनियनला मात्र २ पट बार्लो लागेल, आणि नळीच्या तोंडावर पूर्ण फिल्म. १५० मिमीचा फायदा दिवसाच्या हवेत क्वचितच मिळतो, तरी हवा शांत असेल तर बघा.

फोकस बिंबाच्या कडेवर नको, डागाच्या उपच्छायेवर करा. सकाळी, जमीन तापण्याआधी, काँक्रीटऐवजी गवतावर दुर्बीण लावा. हजारेक फ्रेम घेऊन त्यातल्या उत्तम १० टक्के रचा. फ्लॅटसाठी (धुळीचे ठसे वजा करायच्या कोऱ्या फ्रेमसाठी) बिंबाच्या मध्यावर जाऊन फिल्मपुढे दुधी प्लास्टिक धरा, नाहीतर सेन्सरवरची धूळ शार्पनिंगनंतर छोट्या डागांसारखी दिसते.