‘विंडो’ला खिडकी म्हणावं का? आणि ‘टर्मिनल’ला?

लातूरकर:
कॉलेजच्या वार्षिकांकासाठी लेख लिहितोय. १९८२ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधनसंस्थेत रॉब पाइक आणि बार्ट लोकांथी यांनी ‘ब्लिट’ हे टर्मिनल, म्हणजे मोठ्या संगणकाला तारेनं जोडलेला पडदा-कीबोर्ड, केलं. एका पडद्यावर एकमेकींवर येणाऱ्या विंडो, हाताशी तीन बटणांचा माउस. ‘गवाक्ष’ लिहायला हात धजत नाही. ‘खिडकी’ चालेल? टर्मिनलला काय म्हणू, ‘अंत्यक’?

परभणीकर:
खिडकी नको. ती भिंतीत पक्की असते. या तर सरकतात, एकमेकींवर चढतात. आजी वाकळ शिवायला बसली की जुनी लुगडी थरावर थर अंथरायची. वरचं उचललं की खालचं तसंच्या तसं. ब्लिटवाले स्वतः ‘लेयर’ म्हणायचे. ‘पदर’ म्हणा.

अंबाजोगाईकर:
खिडकी म्हटलं की हवेचीच का आठवावी? एसटी स्टँडवर आरक्षणाची असते तीही खिडकीच. पलीकडे कुणीतरी बसलेलं असतं, त्याच्याशी आपला व्यवहार चालतो. ब्लिटच्या प्रत्येक खिडकीपलीकडे युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवणाऱ्या मोठ्या यंत्रावरचं वेगळं काम चालू असे. त्याआधीचं, १९७८ चं व्हीटी-१०० हे टर्मिनल बघा: २४ ओळी, ओळीत ८० अक्षरं, सगळा पडदा एकाच कामाला. म्हणून माझं मत खिडकीला.

‘पदर’ही टाकू नका, परभणीकर. झाकला गेलेला भाग ब्लिट आपल्या मेमरीत जपून ठेवायचं. आपण झाकले गेलोय हे प्रोग्रॅमला कळतही नसे. ही तुमची वाकळ. एमआयटीत १९८४ ला सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टिमची मूळ रीत वेगळी. तिथं झाकलेला भाग उघडा पडला की प्रोग्रॅमला निरोप जातो, एवढं पुन्हा काढ. पुसलेली रांगोळी नव्यानं काढावी तसं.

नांदेडकर:
ब्लिट एवढं चांगलं होतं, तर सगळ्यांच्या टेबलावर का नाही आलं?

अंबाजोगाईकर:
मेमरी बघा ना. पडद्यावर ८०० × १०२४ ठिपके, ठिपक्याला एक बिट. नुसत्या पडद्यालाच १०० केबी, आणि एकूण होती २५६ केबी. उरलेल्यात झाकलेले पदरही ठेवायचे आणि प्रोग्रॅमही. ते प्रोग्रॅम तारेवरून उतरवायचे. ९६०० बॉडची (बॉड म्हणजे तारेच्या वेगाचं माप) तार असली तर सेकंदाला ९६० अक्षरं, म्हणजे २० केबीला वीसेक सेकंद. आणि त्यातला एखादा बिघडला तर सगळ्या खिडक्या घेऊन बसायचा, कारण एकाची मेमरी दुसऱ्यापासून राखायची सोय नव्हती. तरीही मला ते आवडतं. माउसची हालचाल, चित्र काढणं ही कामं जागेवरच व्हायची, मोठ्या यंत्राची वाट बघावी लागत नसे.

म्हणूनच ‘अंत्यक’ नको. टोक म्हटलं की डोकं दुसरीकडं आहे असं वाटतं. ब्लिटमध्ये स्वतःचा मोटोरोला ६८००० प्रोसेसर होता. टर्मिनलला टर्मिनलच राहू द्या.

लातूरकर:
ठरलं. ‘खिडक्यांचं टर्मिनल’, आणि झाकलेल्या भागाला ‘पदर’. पण सर, एक्समध्ये टेबलावरच्या यंत्रातल्या भागाला सर्व्हर म्हणतात आणि लांबच्या प्रोग्रॅमला क्लायंट. पोरं गोंधळतील.

अंबाजोगाईकर:
त्यांना पंगत सांगा. वाढपी आपल्या पुढ्यात असतो, चूल मागं. पडदा, कीबोर्ड, माउस वाढणारा तो सर्व्हर.