कंट्रोल प्लेटवरही कॉलनी! पी१ ट्रान्सडक्शनमध्ये कुठे चुकतंय?

पेट्रीवाली:
एमएस्सीचं प्रोजेक्ट चालू आहे. ई. कोलायच्या एका स्ट्रेनमधला कानामायसिन-रोधक (या अँटिबायोटिकला दाद न देणारा) जीन पी१ फाजने (बॅक्टेरियावर वाढणाऱ्या विषाणूने) दुसऱ्या स्ट्रेनमध्ये न्यायचाय, म्हणजेच ट्रान्सडक्शन. आज सकाळी कानामायसिनच्या प्लेटवर ३२ कॉलनी दिसल्या, नाचायचीच बाकी होते. मग कंट्रोल (तुलनेची प्लेट) पाहिली. तिच्यात रेसिपियंट (जीन घेणारा स्ट्रेन) नाहीच, नुसतं लायसेट (फाजने डोनर, म्हणजे जीन देणारा स्ट्रेन, फोडून मिळालेलं द्रव). तिच्यावर २७! आणि एक बावळट प्रश्न: फाज बॅक्टेरिया फोडतो, तर जीन मिळालेला रेसिपियंट जगतो कसा?

रात्रपाळी:
लायसेटमध्ये डोनर जिवंत आहे, दुसरं काय! उरलेला डोनर मारायला क्लोरोफॉर्म टाकून व्हॉर्टेक्स केलंस (यंत्रावर जोरात घुसळलंस) का? झाकणाच्या आतल्या थेंबांना क्लोरोफॉर्म लागतच नाही. सेंट्रिफ्यूज करून वरचंच घे. तळाचा क्लोरोफॉर्म पिपेटमध्ये आला तर रेसिपियंटही गेला.

जुना डेमॉन्स्ट्रेटर:
प्रश्न बावळट नाही गं. फाज नव्या डोक्यांत डीएनए भरताना कधीतरी चुकून बॅक्टेरियाचाच तुकडा कोंबतो. पी१च्या डोक्यात साधारण १०० किलोबेस (१ किलोबेस म्हणजे डीएनएच्या हजार बेसजोड्या) मावतात, ई. कोलायचा जीनोम सुमारे ४,६०० चा. त्या कणात फाजचा स्वतःचा डीएनए नसतोच, मग मारणार कशाने? तुकडा आत टोचला की त्याचं काम संपलं. पुढे रिकॉम्बिनेशनने (डीएनएची अदलाबदल होऊन) जीनोममध्ये बसला तर बसला. रेसिपियंट रेकए (रिकॉम्बिनेशनला लागणारं प्रथिन) नसलेला असेल तर विसर.

खरा धोका त्याच लायसेटमधल्या धडधाकट फाजांचा. ते कितीतरी पटींनी जास्त असतात. पी१ला चिकटायला कॅल्शियम लागतं, म्हणून अर्ध्या तासाने सोडियम सायट्रेट घालून ते बांधून टाकायचं. आम्ही प्लेटमध्येही घालायचो.

कंट्रोल लावलीस हे बरं केलंस. ट्रान्सडक्शन सापडलं तेही अशाच तपासणीतून. झिंडर आणि लेडरबर्ग साल्मोनेलात कॉन्जुगेशन (बॅक्टेरियांनी एकमेकांना चिकटून जीन देणं) शोधत होते. दोन स्ट्रेनच्या मध्ये बॅक्टेरिया पार होणार नाहीत असा फिल्टर ठेवला, तरी जीन पलीकडे पोचले! वाहक निघाला फाज. १९५२ साली छापून आलं ते.

पेट्रीवाली:
सर, सायट्रेट घातलं होतं. व्हॉर्टेक्स मात्र नाही, ट्यूब दोनदा उलटीपालटी केली फक्त.

रात्रपाळी:
😄 आणि स्टॉक पी१ व्हिरचाच (नेहमी पेशी फोडणाऱ्या प्रकाराचाच) आहे ना? साधा पी१ रेसिपियंटला न फोडता त्याला लायसोजेन बनवून आतच ठाण मांडतो.

पेट्रीवाली:
ट्यूबवर नुसतं 'पी१, २०१९' लिहिलंय. जिने लिहिलं ती सीनियर केव्हाच पास होऊन गेली.