या महिन्यात तुमच्यात काय मुरलं?

महिना संपत आला. दर वेळी आपण वाचलेल्या-ऐकलेल्याच्या लांबलचक याद्या देतो आणि त्या तशाच पडून राहतात. म्हणून या वेळी यादी नको. महिनाभर जिच्याकडे पुन्हा पुन्हा वळावंसं वाटलं अशी एकच गोष्ट सांगा. पुस्तक, संगीत, एखादा विचार, काहीही चालेल. सुरुवात मी करते, तुमची उत्तरं खाली एकेक करून जोडत जाईन.

माझा महिना तीन रागांत गेला. मारवा, पूरिया आणि सोहनी. तिन्हींत स्वर तेच : कोमल रिषभ (रे), तीव्र मध्यम (म), बाकी शुद्ध आणि पंचम (प) वर्ज्य, म्हणजे लावायचाच नाही. मग ते वेगळे कसे, हे कोडं मला कितीतरी वर्षं सुटत नव्हतं. या वेळी ठरवलं, रोज फक्त पहिली दहा मिनिटं ऐकायची आणि गाणारा कुठे थांबतो तेवढंच टिपायचं. चौथ्या दिवशी कानाला कळलं. मारव्याचा मुक्काम रिषभ आणि धैवतावर (ध). षड्ज, म्हणजे सा, इतका लांबणीवर पडतो की जीव कासावीस होतो. पूरिया गंधार-निषादावर (ग-नी) विसावतो आणि मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकात खोल उतरतो. सोहनी वरच्या षड्जाभोवती भिरभिरते. स्वर तेच, थांबण्याच्या जागा निराळ्या. ‘शास्त्रीय संगीत आपल्याला कळत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर करून बघा.

*

थांबण्याच्या जागांवरून लगेच आठवलं. संगीतकार बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ ग्लेन गूल्डने पियानोवर स्टुडिओत दोनदा ध्वनिमुद्रित केल्या. १९५५ मध्ये, वय २२, आणि पुन्हा १९८१ मध्ये. पहिलं वादन साधारण ३८ मिनिटांचं, दुसरं ५१ मिनिटांचं. सुरुवातीची आरिया, म्हणजे पहिला संथ तुकडा, तरुणपणी दोन मिनिटांच्या आत संपते, नंतरची तीन मिनिटं घेते. कॉलेजात असताना मला पहिलंच आवडायचं, त्यातला वेग अंगात भिनायचा. या महिन्यात एका रात्री दिवा मालवून दोन्ही आरिया पाठोपाठ ऐकल्या. दुसरीत दोन स्वरांमधली जागा ऐकू येते, आणि वाजवता वाजवता त्याचं स्वतःशी गुणगुणणंही. आता मी पन्नाशीत आहे. ती जागा मला आत्ता ऐकू आली. १९८२ मध्ये तो गेला.

*

मी शब्दकोश वाचते आहे, अगदी कादंबरीसारखा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. भाषांतराच्या कामात ‘हुरहुर’ पाहायला उघडला आणि तिथेच रमले. आसपास हुंदका, हुडहुडी, हुलकावणी. रडू, थंडी, चकवा, सगळे एका ‘हु’पाशी गोळा झालेले! अर्थाच्या जोडीला म्हणी आणि वाक्प्रचारही भेटतात, त्यामुळे एका शब्दासाठी गेलं तरी हाती पाच लागतात. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो, पण पानं उलटत वाचण्यातली मजा वेगळीच. रोज एक पान. मला वाटतं, भाषेवर प्रेम असणाऱ्याने एकदा तरी असं करावं.

*

माझं थोडक्यात. डोळ्याच्या शस्त्रक्रियेमुळे वाचन बंद होतं. लिब्रिवॉक्स या संकेतस्थळाने तारलं. २००५ पासून स्वयंसेवक स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं तिथे मोठ्याने वाचून ठेवतात, मोफत. काही पुस्तकांत प्रकरणागणिक आवाज बदलतो. आधी खटकलं, मग पुढच्या आवाजाची वाट पाहू लागलो.

*

लांबलेल्या आजारपणानंतर माझं लक्षच लागेना. वाचलेलं पान उलटलं की पुसलं जायचं. तेव्हा एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाबद्दल वाचलं. निरर्थक अक्षरगट पाठ करून त्याने स्वतःच्याच विस्मरणाचं मोजमाप केलं आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, पुढे मंदावतं; आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते. मी कवितेच्या चार ओळी घेतल्या. दुसऱ्या दिवशी म्हटल्या, मग चौथ्या, मग दहाव्या. आज एकविसावा दिवस, आणि ओळी न अडखळता आल्या. किती दिवसांनी स्वतःवर भरवसा वाटला म्हणून सांगू!

*

मारव्याचं वाचून मी ते बाबांबरोबर करून पाहिलं. पक्षाघातानंतर त्यांची वाचा गेली आहे, पण गाणं लावलं की मान हलते. सलग तीन संध्याकाळी तिन्ही राग थोडे थोडे लावले आणि विचारत राहिले, ‘‘बाबा, कुठे थांबले?’’ पहिले दोन दिवस ते नुसते ऐकत राहिले. काल मी न सांगता एक आलाप लावला आणि काही विचारण्याआधीच त्यांनी उजवं बोट हळूहळू वर केलं, छताकडे, आणि तसंच धरून ठेवलं.

सोहनी होती.