विषय: पुतणीचा कोर्स – पैसे माझ्या खात्यात दाखवले तर चालतात का? (तातडीचं)

मंडळी, सोलापुरातून लंडनच्या आपल्या मराठी मंडळाला लिहितोय. गेल्या गणपतीत हॉलमध्ये जिचं रेकॉर्डिंग लावलं होतं, ती पुतणी. लंडनमध्ये म्युझिकल थिएटरच्या एक वर्षाच्या डिप्लोमाला तिची निवड झालीय. दादाचं म्हणणं, आधी पदवी. मी म्हणतो, पोरगी तयार आहे तर जाऊ द्या. पण दादाची एफडी अडकलीय. व्हिसासाठी माझ्या खात्यातली शिल्लक दाखवली तर चालेल का? शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय.
– सोलापूरकर

---

नाही चालत. खातं विद्यार्थ्याचं किंवा आईवडिलांचं लागतं. काका कितीही सख्खा असो, उपयोग नाही. तुम्ही दादांना पैसे पाठवा, पण ते त्यांच्या खात्यात सलग २८ दिवस राहिले पाहिजेत. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून. राहण्याचा खर्च नऊ महिन्यांपर्यंतचा, वर पहिल्या वर्षाची उरलेली फी. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तो वेगळा भरायचा. आईवडिलांचं संमतीपत्र आणि मुलीचा जन्मदाखला जोडावा लागेल. दाखल्यावर मुलीचं नाव आहे ना, ते आजच बघा. आपल्याकडे तो रकाना बऱ्याचदा कोरा असतो.
– खजिनदार

---

नाटकाबद्दलचे प्रश्न आधी नाट्यविभागाकडे यावेत असं मागच्या सभेत ठरलं होतं, असो. मुळात हा कोर्स हवाच कशाला? १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल उभं केलं, तेव्हापासून आपल्याकडे गाणारं नाटक आहे. त्या मुलीला नाट्यसंगीत येतं. गोऱ्यांकडून ती काय शिकणार?
– नाट्यविभाग

---

भाऊ, रागावू नका, पण तुमची गल्लत होतेय. नाट्यपदात गाणारा उभा राहतो, ताना घेतो, वन्स मोअर आला की पुन्हा गातो. म्युझिकलमध्ये गाणं संपेपर्यंत गोष्ट पुढे सरकलेली असते, पाय नाचत असतात आणि तरी शब्द शेवटच्या रांगेत पोचावा लागतो. तेही आठवड्याला आठ प्रयोग. माझ्या लेकीच्या ऑडिशनला बत्तीस बारचा, म्हणजे बत्तीस आवर्तनांएवढा, तुकडा गायला सांगितला होता. ती बिचारी क्लासमध्ये ‘काळी चार’ (पेटीची चौथी काळी पट्टी) म्हणत वाढलेली. पियानोवाल्याने विचारलं, स्वरलिपी कुठेय? हिच्याकडे फोनमध्ये तानपुऱ्याचं ॲप! शेवटी ए फ्लॅटमधली, म्हणजे त्याच काळी चारची, प्रत छापून आणली, कुठून कुठपर्यंत गायचं त्यावर पेन्सिलीने खुणा केल्या, आणि पानं उलटताना पडू नयेत म्हणून एकमेकांना चिकटवली. सोलापूरकर, तुमच्या पुतणीला स्वरलिपी वाचता येते का?
– हॅरो

---

काळी चारवरून आठवलं. मंडळाची पेटी दिवाळीपासून कोणाकडे आहे? मंद्र सप्तकातला एक सूर अडकतो, दुरुस्तीला द्यायचीय.
– तबलेवाले काका

---

पेटी नाट्यविभागाच्या ताब्यात आहे आणि सुरक्षित आहे.
– नाट्यविभाग

---

स्वरलिपी येत नाही, शिकेल. खजिनदारसाहेब, आभार. २८ दिवसांचं गणित बसेल कदाचित. पण दादाचा खरा अडसर वेगळाच. तो म्हणतो, एवढे पैसे घालून वर्षभरात घरी परत? मी सांगितलं, शनिवार-रविवारी तिकडे शोमध्ये गाईल, खर्च थोडाफार निघेल.
– सोलापूरकर

---

हे दादांना परत सांगू नका. विद्यार्थी व्हिसावर पैसे घेऊन कलाकार म्हणून काम करायला बंदीच आहे. पदवीखालच्या कोर्सला बाकीची नोकरीसुद्धा सत्रात आठवड्याला दहा तास. आणि अशा डिप्लोमानंतर ग्रॅज्युएट व्हिसा (शिकून झाल्यावर इथेच राहून काम करायचा) मिळत नाही, तो पदवीवाल्यांना. सध्या तो दोन वर्षांचा आहे, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षाचा मिळेल. त्यावर मात्र रंगमंचावर काम करता येतं. म्हणजे शिकून झाल्यावर, जेव्हा ऑडिशन द्यायची, तेव्हाच तिला परतीच्या विमानात बसावं लागणार.
– खजिनदार

---

मी मागे चहा-नाश्त्याला होते ती नवीन सभासद. मी पुण्यात ललित कला केंद्रात होते म्हणून लिहिते. विद्यापीठाचं हे केंद्र १९८७ पासून आहे, नाटक-नृत्य-संगीत तिन्ही एकाच आवारात. नाटकवाल्यांना शेजारी कथकचा रियाज ऐकू येतो. तिने तिथे पदवी घ्यावी आणि मग इथे एक वर्षाचं एम.ए. करावं. रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकचं म्युझिकल थिएटरचं एम.ए. एका वर्षाचंच आहे. वर्ष तेवढंच जातं, पण पुढे व्हिसा मिळतो. दिल्लीच्या एनएसडीलासुद्धा (राष्ट्रीय नाट्य विद्यालय) आधी पदवी लागते आणि किमान सहा नाटकांचा अनुभव.
– क्रॉयडन

---

एनएसडीचं बरोबर. अभिनेते अतुल कुलकर्णी सोलापुरात नाटकं करूनच तिकडे गेले, १९९५ला बाहेर पडले. सोलापूरकरांना हे आम्ही सांगायचं? बाकी पुण्याच्या प्रवेशाबद्दल मी बोलतो दादांशी, माझी तिथे ओळख आहे.
– नाट्यविभाग

---

ओळख नको, प्रवेशपरीक्षा आहे.
– क्रॉयडन

---

रात्री जेवताना सगळ्यांच्या मेल दादाला वाचून दाखवल्या. पुण्याचं नाव निघताच तो खुलला. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली की पोरीला भेटून रात्री घरी. पोरगी मात्र भाकरी अर्धी टाकून उठली. तिचं म्हणणं, तीन वर्षांनी आवाज असाच राहील याची हमी कोण देणार? राज्य नाट्य स्पर्धेला हुतात्मा स्मृती मंदिरात शेवटच्या रांगेत मी स्वतः बसलो होतो. माईक बंद पडला तरी तिचं गाणं नीट ऐकू येत होतं. त्यामुळे तिला काय सांगू ते मला सुचलं नाही. एवढंच म्हणालो, की लंडनवाल्यांना जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येते का ते विचारू, आणि पुण्याचाही अर्ज भरू.

हॅरोताई, तुमच्या लेकीचा नंबर मला वेगळा कळवाल का? स्वरलिपी ऑनलाइन कोणाकडे शिकली ते पुतणीला थेट विचारायचंय, माझ्यामार्फत नको म्हणते. जन्मदाखला पाहिला, नावाच्या जागी रेघ आहे. उद्या महापालिकेत जातोय.
– सोलापूरकर

---

कळवते. पण ती रात्री दहानंतरच फोन उचलते, तुमच्याकडे तेव्हा पहाट होईल.
– हॅरो

---

पेटीचं काय?
– तबलेवाले काका