गणित-कॉम्प्युटरकडं आडवाटेनं आलेलं कोणी आहे का इथं?

पऱ्हाटी
पुतण्याच्या वहीत ६१७४ दिसलं न् जुनं सगळं वर आलं. ३५२४ घ्या, आकडे उतरते लावून त्यातून चढते वजा करा, ५४३२ - २३४५ = ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, पुढं हलतच नाही. चारही आकडे सारखे नसले की कोणताही नंबर जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत इथंच येतो. देवळालीच्या शाळेतल्या कापरेकर मास्तरांनी १९४९ मध्ये शोधलं. मी घाटंजीकडला, आर्ट्स, मग डीएड, नोकरी नाही, जिनिंगवर काट्याच्या चिठ्ठ्या लिहायचो. गाड्या खोळंबल्या की चिठ्ठीमागं हेच. तिथल्या कॉम्प्युटरवर सगळे नंबर एका दमात तपासता येतात कळलं, त्यापायी सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलो, मग इग्नूचं बीसीए, एमसीए, आता पुण्यात कोड लिहितो. तुमचं सांगा.

ठेचा_भाकर
जॉर्ज बूल पण मास्तरच होता न, कॉम्प्युटरचं ट्रू-फॉल्सचं लॉजिक ज्याच्या नावावर आहे तो. डिग्री नाही तरी १८४९ मध्ये आयर्लंडात कॉर्कच्या कॉलेजात गणिताचा प्रोफेसर. दोघांत बरोबर शंभर वर्षं 😀

रात्रपाळी
आमच्याकडं थ्री फेज रात्रीच, ओलिताला जाताना एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन, लेक्चर डाऊनलोड करून न्यायचो. गणितातलं इंडक्शन, म्हणजे पहिल्यासाठी खरं न् एकासाठी खरं असलं की पुढच्यासाठीही खरं, म्हणून सगळ्यांसाठीच खरं, हे काही केल्या डोक्यात जाईना. मग धुऱ्यावर बसल्या बसल्या ट्यूब पेटली, पहिली सरी भरली न् भरलेल्या सरीचं पाणी पुढच्या सरीत उतरतेच हे पक्कं असलं की अख्खं वावर भिजते. एमटेकची गेट परीक्षा निघाली बाप्पा त्याच हिवाळ्यात.

ठेचा_भाकर
मधात उंदराचं बीळ लागलं की प्रूफ गेलं वाहून 😂

रात्रपाळी
म्हणूनच दुसरी पायरी सिद्ध करा लागते भाऊ

माहेर_आर्वी
माझं बीएस्सी गणित लग्नात सुटलं. बचतगटाचं व्याज वहीत जुळेना म्हणून एमएससीआयटी केलं, एक्सेलमध्ये इफच्या पोटात इफ लिहिता लिहिता नाद लागला, आता पायथन चालू आहे, घरचे म्हणतात मोबाइलात काय असते एवढं. बाकी नंतर लिहिते, दूध उतू चाललं

सोयाबीन_४२
जिनिंग कोणतं? कापसाला भाव काय हो तिकडं

पऱ्हाटी
मी पुण्यात आहे भाऊ, बाबांना विचारतो.
@माहेर_आर्वी ताई, बीएस्सी पुरं करा न, ओपन युनिव्हर्सिटीतून होते

नवीन_पोट्टं
दादा बारावीत गणित नव्हतं, बीसीएला चालते का

पऱ्हाटी
इग्नूत मला चालली, गणिताचा पायाचा पेपर तेवढा द्यावा लागला. लॉगरिदमनं रडवलं.
@सोयाबीन_४२ बाबा म्हणतात भावाचं नाव काढू नको