मदत हवी आहे: एचपीव्ही रिपोर्टमध्ये '१६ नाही, १८ नाही, इतर पॉझिटिव्ह' म्हणजे नक्की काय?

मंडळी, माझ्या वहिनीची (वय ४२) एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, ज्याने गर्भाशयमुखाचा कॅन्सर होऊ शकतो) तपासणी झाली. त्रास काहीच नव्हता, ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये होती म्हणून केली. रिपोर्ट असा आहे: टाइप १६ निगेटिव्ह, टाइप १८ निगेटिव्ह, इतर १२ हाय रिस्क टाइप पॉझिटिव्ह. पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) नॉर्मल. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळालीय, तोवर घरात जो तो आपलं डोकं चालवतोय.

प्रत्येक नंबरचा कॅन्सर वेगळा असतो का? याच व्हायरसने घशाचाही होतो असं वाचलं. आमच्या काकांना तोंडाचा कॅन्सर झाला होता (गुटखा), त्यामुळे आईने दोन्हींची सांगड घातलीय. काकू म्हणतात, पिशवीच काढून टाका, कटकट नको. आणि दादा गप्प झालाय. हे संबंधांतून येतं एवढंच त्याने वाचलं आणि तिथेच थांबला. वहिनी रडतेय. तिला काय सांगू? पुतणी १२ वर्षांची आहे, तिला लस द्यायची का?

शेवंती:
मी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, व्हायरस सापडला एवढंच. बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला तर धोका, आणि त्यातही कॅन्सर व्हायला बहुधा १५-२० वर्षं लागतात.

आता नंबर. या व्हायरसचे २०० हून जास्त प्रकार आहेत. हातापायांवरचे साधे चामखीळ १, २ वगैरेंचे. ६ आणि ११ मुळे गुप्तांगावर कोंब येतात, क्वचित स्वरयंत्रातही, पण कॅन्सर सहसा नाही. १६ आणि १८ मिळून गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरना कारणीभूत. ३१, ३३, ४५, ५२, ५८ वगैरे त्यांच्या मागोमाग. हाय रिस्क प्रकारांची ई६ आणि ई७ ही प्रथिनं पेशीची बेसुमार वाढ रोखणारे ब्रेकच निकामी करतात. ६-११ ची तेवढी ताकद नसते.

१८ ग्रंथीपेशींच्या कॅन्सरमध्ये तुलनेने जास्त दिसतो. ती जागा आतल्या बाजूला, पॅपमध्ये निसटू शकते. म्हणून १६ किंवा १८ आला तर पॅप नॉर्मल असूनही कॉल्पोस्कोपीला (गर्भाशयमुख दुर्बिणीतून बघायच्या तपासणीला) पाठवतात. 'इतर १२' आणि पॅप नॉर्मल असेल, तर बहुधा वर्षाने परत तपासणी. वहिनींचं आधीचं काही असेल तर डॉक्टर वेगळं सांगतील, जुने रिपोर्ट सोबत न्या.

रानवारा:
काकांचं प्रकरण वेगळं. एचपीव्हीचा, त्यातही मुख्यतः १६ चा, घशाचा कॅन्सर टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होतो. आपल्याकडे गाल-जिभेचा जो दिसतो तो बहुतांशी तंबाखू-सुपारीचा. दोन्हींचा संबंध जोडू नका.

आणि पिशवी काढायचा सल्ला कृपया कानाआड करा! या रिपोर्टवर ऑपरेशन करत नाहीत. पिशवी गेली तरी व्हायरस योनीमार्गात राहू शकतो.

शेवंती:
दादांबद्दल. हा संसर्ग कधी झाला हे कुठलीच टेस्ट सांगू शकत नाही. लग्नाआधीचा असू शकतो, त्यांच्याकडूनच आलेला असू शकतो, वर्षानुवर्षं दबून राहून आता दिसलेला असू शकतो. संबंध आलेल्या बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी होतोच. पुरुषांसाठी नेहमीच्या वापरातली टेस्ट नाही, त्यामुळे रिपोर्ट कायम बाईच्याच नावाने निघतो आणि बोटही तिच्याकडेच. दादांना अपॉइंटमेंटला सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या.

पुतणीला लस जरूर. ९ ते १४ वयात सहसा सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅक ६, ११, १६, १८ वर आहे, गार्डासिल ९ मध्ये आणखी पाच प्रकार. आधीचा संसर्ग लस बरा करत नाही, म्हणून लहानपणीच. मुलगा असेल तर त्यालाही.

मूळ धागाकर्ती:
खूप आभार. दादाला हा धागाच वाचायला दिलाय. तो येतोय अपॉइंटमेंटला. अजून एक, वर्षाने परत 'इतर' पॉझिटिव्हच आला तर?

शेवंती:
मग सहसा कॉल्पोस्कोपी. दुर्बिणीतून बघतात, शंका आली तर छोटा तुकडा काढतात. कॅन्सरच्या आधीचा पेशींतला बदल सापडला तर तिथेच थांबवता येतो. तारीख आत्ताच मोबाईलमध्ये टाकून ठेवा.